बाहेरून शिवलेली

नर्सच्या मनगटाला मी चावले होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे कित्येक महिने आमच्या दोन्ही घरांत माझ्या बाळंतपणाचा विषय निघाला की तो तिथूनच सुरू व्हायचा. पोरीनं नर्सला चावलं. त्या खोलीत त्या दिवशी दुसरं काही घडलंच नव्हतं असं वाटावं, इतक्या वेळा ते बोललं गेलं.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, शिरड शहापूरला आले होते. वडलांच्या, म्हणजे आबांच्या, चार म्हशी आणि थोडं रान. मी डी.एड. झालेली, लग्नाआधी वर्षभर एका खाजगी शाळेत शिकवलेलं. सासर डोंगरकडा गावाच्या बाजूचं, हळदीचं घर. मला चांगलं चाललं होतं, असंच तेव्हा मी कुणालाही सांगितलं असतं.

कळा सकाळी सुरू झाल्या. आबांनी शेजारची जीप बोलावली आणि मला एका लहान खाजगी दवाखान्यात नेलं. त्याचं नाव आणि गाव मी लिहीत नाही. मायला बाहेरच थांबवलं. आत दोन नर्स आणि एक सफाईवाली मावशी. डॉक्टर खाली पेशंट तपासत होता, मधेमधे वर येऊन बघून जात होता. दुपारपर्यंत मी ओरडत होते. मोठी नर्स मांडीवर चापट मारून म्हणाली, "तोंड बंद कर. नवऱ्यासंगं निजतानी वरडली व्हतीस का अशी?"

मी तोंड बंद केलं. वीस मिनिटं तरी केलं असेल. लोखंडी आधारांवर पाय अडकवलेले होते आणि मी वरच्या पंख्याकडे बघत होते.

डॉक्टर शेवटी आला तेव्हा घाईत होता. "डोकं अडकून राहिलं. दाब द्या," म्हणाला. मावशी स्टुलावर चढली. तिनं दोन्ही कोपरं माझ्या छातीखाली रोवली आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. श्वास घेता येईना. मी हातपाय झाडायला लागले, तर मोठ्या नर्सनं माझं तोंड दाबून धरलं. तेव्हा मी चावले. तिच्या घामाची आणि साबणाची चव तोंडात आली. तिनं हात सोडवून घेतला आणि माझ्या गालावर फाडकन दिली. मावशी तेवढ्यात दुसऱ्यांदा वजन टाकून मोकळी झाली.

आणि मी फाटले. दुसरा शब्द नाही त्याला. पुढून सुरू झालं आणि मागे, पार मागेपर्यंत गेलं. त्याआधीचं दुखणं वेगळं होतं, ते यायचं आणि जायचं. हे आलं ते राहिलं. पोरगी रडली ते मी ऐकलं, पण ती माझी आहे हे कळायला वेळ लागला.

"फाटलं जरा," डॉक्टर म्हणाला. "घेऊ टाके."

मी म्हणाले, "भूल द्या ना, सर."

"आता कशाला भूल? जागा सुन्नच असती तशीबी."

सुन्न नव्हती. पहिल्या सुईला मी कंबर उचलली, तर चावलेल्या मनगटाच्या त्या नर्सनं माझा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. मोबाइल खांद्यात धरून डॉक्टर कुणाशी तरी बोअरच्या मोटारीबद्दल बोलत होता. पाणबुडी मोटार जळाली होती, ती काढायला कुणाला सांगायचं हे चाललं होतं. त्याचं बोलणं लांबलं की सुई थांबायची, मी वाट बघायची, आणि मग ती पुन्हा शिरायची. मी नऊ मोजले. नंतर मोजणं सुटलं.

पोरगी पावणेचार किलोची. आबांनी तिला टॉवेलात घेतलं आणि दवाखाना भरून पेढे वाटले. त्या नर्सनंही एक घेतला. सासूला फोन लावला, तर ती म्हणाली, "पोरगी व्हय? बरं."

घरी बाजेवर निजवलं, खाली शेगडी ठेवली. शेक बसला की टाके ताणायचे, खाज सुटायची, कुशीवर होता यायचं नाही. चौथ्या दिवशी संडासला जायची वेळ आली. जाताना मी भिंत धरली होती, येताना मायच्या खांद्यावर दात रोवले होते. पण भयंकर ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजेवर पोरीला पाजत असताना मला खाली ओलं लागलं. रक्त असेल म्हणून बघितलं. ते रक्त नव्हतं. मला काही कळलंच नव्हतं. पोटात कळ नाही, सूचना नाही, थांबवायला जावं तर थांबवायचं कुठून तेच सापडेना.

मायला सांगितलं. ती म्हणाली, "ओल्या बाळंतिणीचं असंच ऱ्हातंय. व्हईल बराबर." जुन्या साडीचे तुकडे फाडून तिनं माझ्या उशाला गठ्ठा ठेवला.

आठव्या दिवशी दवाखान्यात दाखवायला गेलो. नर्सनं वरून बघितलं आणि जखम भरत आल्याचं सांगितलं. मी डॉक्टरसमोर उभी राहून खालच्या आवाजात म्हणाले, "सर, मागून थांबत नाही." त्यानं माझ्याकडे न बघता जुलाब बंद व्हायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी मला खडा धरला, आणि पुढचे चार दिवस मी काय भोगलं ते इथं लिहीत नाही.

बारशाला सासरची माणसं आली. नवी साडी नेसवून, पोरीला मांडीवर देऊन मला पाटावर बसवलं. बायका पाळणा म्हणत होत्या. मला खाली गरम लागलं आणि मागोमाग वास आला. शेजारच्या दोघी सरकल्या. सासू म्हणाली, "पोरीनं घाण केली वाटतं. धू की तिला."

पोरगी कोरडी होती. मी तिला उचललं, छातीशी धरलं आणि "हो, तिनंच केली" म्हणत आत गेले. त्यानंतर मी हेच करत राहिले. कुणी नाक मुरडलं की पोरीचं नाव. बिचारीला दिवसातून आठ-आठ वेळा उगाच धुतली. तिचे कुल्ले लाल होऊन सोलले.

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. ती दीड महिन्याची असताना एका दुपारी मी नुकतीच अंघोळ करून, कोरडे कपडे घालून बसले होते. ती रडायला लागली. तिला घ्यायला उठले आणि उठताच सगळं पुन्हा भरलं. माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. तिची मांडी मी चिमटीत धरली आणि पिळली. ती श्वास रोखून निळी पडली, मग किंचाळली. मी सोडली नाही. मायनं धावत येऊन माझा हात ओढून काढला आणि माझ्या तोंडात मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तिचं लक्ष माझ्या साडीकडे गेलं. हात खाली आला. तिनं पोरीला पाळण्यात टाकलं, मला मोरीत नेलं आणि लहान लेकराला धुवावं तशी धुतली. दोघी रडत होतो. पोरीच्या मांडीवरचा डाग काळा झाला, मग हिरवा, मग पिवळा. तो जाईपर्यंत मी रोज बघत होते.

तिसरा महिना सरला आणि सासरहून निरोप आला. हळद निघाली होती, शिजवायला माणूस लागत होतं. मी गेले. दिवसा पोटात काही घ्यायचं नाही, म्हणजे खाली काही येणार नाही, असं मी ठरवलं होतं. अंगात दूध राहिना. पोरगी चिडायची, मी तिला झोळीत टाकून हलवत राहायची.

एका दुपारी सासरचे सगळे रानात होते. हळदीचे कुकर चालू होते, त्यांच्या वाफेचा वास घरापर्यंत येत होता. नवरा घरी आला, हातपाय धुतले आणि खोलीत येऊन कडी लावली. तो दुष्ट माणूस नव्हता. लग्नानंतर मला पुस्तकं आणून देणारा होता. पण त्यानं कडी लावली.

"तीन महिने झाले," तो म्हणाला.

"आत अजून बरं नाही. लई दुखतंय. आणि मला..." पुढचं मला बोलता आलं नाही.

"डॉक्टर म्हणला ना भरली जखम? मंग काहून नाटकं करून राहिली?"

मी नको म्हटलं. हात जोडले. त्यानं जोडलेले हातच धरले आणि मला पलंगावर ढकललं. त्याच्या गुडघ्याचं वजन माझ्या मांडीवर आलं आणि मी एकदम त्या टेबलावर गेले. तीच मावशी, तेच कोपर, तोंडावर तोच हात. जखमेच्या जागी सुरी घातल्यासारखी कळ गेली. हाताला पाण्याचा तांब्या लागला. भरलेला होता. मी तो त्याच्या कपाळावर हाणला.

भुवई फुटली. रक्त त्याच्या डोळ्यात, गालावर, पलंगावर, झोळीवर उडालं. त्यानं पालथ्या हातानं डोळा पुसला. मग केस धरून मला खाली ओढलं आणि मारलं. कानाखाली, पाठीत, पुन्हा कानाखाली. मीही मारत होते. तांब्या हातातून सुटला तर नखांनी, नखं पोचली नाहीत तर डोक्यानं. पोरगी झोळीत किंचाळत होती. आरडाओरड ऐकून शेजारीण आली, तिनं रानात हाक दिली आणि सासू पळत आली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. दार ठोठावलं तेव्हा नवऱ्यानंच कडी काढली. तिनं आधी पोराचं रक्त बघितलं आणि त्याच पिवळ्या हातांनी मला धरून भिंतीवर आपटलं.

आणि तिथं, सगळ्यांच्या समोर, माझ्या पायांवरून ते खाली आलं. फरशीवर पडलं. या वेळी पोरीचं नाव घ्यायला जागा नव्हती.

सासू दोन पावलं मागे गेली. मग तिनं माझ्याच मोबाइलवरून आबांना फोन लावला. "तुमची पोरगी घिऊन जा," ती म्हणाली. "चावती, मारती, हागती. आमाला न्हाई झेपत."

आबा आणि माय जीप घेऊन आले. आबांनी कुणाशी वाद घातला नाही. पोरीला झोळीतून काढलं, मायकडे दिलं, आणि मला हाताला धरून बाहेर आणलं. जीपमध्ये मी बोलायला लागले आणि थांबेचना. टेबल, कोपर, भूल, नऊ टाके, बोअरची मोटार, बारसं, आजची दुपार. पुढच्या सीटवर माझा बाप बसलाय आणि अशा गोष्टी बापासमोर बोलायच्या नसतात, हे मला ठाऊक होतं. तरी बोलले, ओरडून बोलले. आबांनी मान वळवली नाही. फक्त त्यांचा कान लाल झालेला मला दिसत होता.

सकाळी धारा काढून झाल्यावर ते म्हणाले, "चला." आम्ही तिघं त्याच दवाखान्यात गेलो, पोरीला चुलतीकडे ठेवून. नंबर लागेपर्यंत बाकावर बसलो. आत गेलो तेव्हा मोठी नर्स डॉक्टरच्या बाजूला उभी होती. मला बघून हसली. "ही ती चावणारी."

आबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरीला लई तकलीफ हाय. मागून थांबत न्हाई. जरा बघा."

"तीन महिन्यांनी आले? बाळंतपणात व्हतं थोडंफार. कमी होईल."

"तुमी बघा तर."

"बघायचं काय त्यात? बाहेर चाळीस पेशंट बसलेत."

आबांना रागावताना मी लहानपणापासून दोनदा बघितलं असेल. त्यांनी हात उचलला आणि टेबलावर हाणला. वरची काच फुटली. तिचा एक तुकडा त्यांच्या तळव्यात शिरला आणि रक्त केसपेपरांवर पसरलं. दाराशी उभ्या कंपाउंडरनं मागून त्यांची मान धरली, भिंतीकडे ढकललं, त्यांचं डोकं भिंतीवर आदळलं. मायनं पायातली चप्पल काढली आणि कंपाउंडरच्या पाठीत, डोक्यात, जमेल तिथं मारायला लागली. मी नर्सच्या अंगावर गेले. तिनं खुर्ची मधे घेतली. दारात माणसं जमली, कुणी मोबाइल वर धरला.

मोबाइल बघून डॉक्टर बदलला. "सोडा त्यांना, सोडा," तो म्हणाला. "बसा, बाबा. आधी हात शिवून घेऊ. रक्त लई चाललंय." आबा बसले. त्यांना गरगरलं असावं. नर्सनं ट्रे आणला. डॉक्टरनं काच काढली, सिरिंज भरली आणि जखमेच्या कडेला सुई लावली.

"हे कशाचं?" आबांनी विचारलं.

"बधिर व्हायचं. मंग टाके कळत न्हाईत."

आबांनी हात मागे घेतला. सुई खाली पडली. रक्ताचा तो हात तसाच माझ्याकडे करून ते म्हणाले, "हिला दिलतं का?"

नर्स ट्रेकडे बघत होती. आबांनी पुन्हा विचारलं, या वेळी जोरात. दारातल्या गर्दीत एक म्हातारी होती, ती म्हणाली, "सांग की रं, काहून गप?" डॉक्टर खाली वाकून पडलेली सुई उचलायला लागला. आबांनी गळ्यातला रुमाल हाताला गुंडाळला आणि आम्ही बाहेर पडलो. तिथून सरळ नांदेडची बस धरली. सबंध रस्ता मायनं त्यांचा हात दाबून धरला होता, तरी रुमालातून गळत होतं.

नांदेडला एका बाई डॉक्टरांचं ऐकून होतो. तिथं आधी आबांचा हात शिवला. इंजेक्शन घेताना ते काही म्हणाले नाहीत. मग मला आत घेतलं. बाईंनी हातमोजे घातले आणि विचारलं, "हात लावू का?"

मी त्यांच्यावर ओरडले. "आता विचारता? आता काय विचारता?" मी बरंच काही बोलले, शिव्याही दिल्या. त्या स्टुलावर बसून राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी तोच प्रश्न तितक्याच आवाजात पुन्हा विचारला. मी हो म्हणाले.

तपासून झाल्यावर त्यांनी मला उठवून बसवलं. बोटांचं कडं करून दाखवलं. मागच्या वाटेला असा स्नायू असतो, तो आवळतो म्हणून थांबतं. तुमचा तो पुढच्या बाजूनं तुटलाय, टोकं दोन्हीकडे मागं सरकलीत. त्याच दिवशी नीट शिवायला हवा होता. "यांनी वरची चामडी शिवली. आतलं तसंच राहिलं."

तुम्ही नाटकं करता, असं त्या म्हणाल्या नाहीत. होईल बराबर, असंही म्हणाल्या नाहीत. ऑपरेशननं बऱ्यापैकी सुधारेल, पूर्वीसारखं शंभर टक्के होईलच असं नाही, एवढं सांगितलं. मला ते पुरलं.

आतली सूज उतरेपर्यंत दोन महिने थांबावं लागलं. मग कमरेतून भूल देऊन त्यांनी ती टोकं शोधून जोडली. नंतरचे दिवस सोपे नव्हते. संडास पातळ ठेवायचं औषध, रोज तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं, आणि जखम भरल्यावर व्यायाम. आत आवळायचं, दहा आकडे धरायचं, हळू सोडायचं. सुरुवातीला आवळायला काही सापडायचंच नाही. मी भिंतीवर मुठी मारायची. माय भाकऱ्या थापताना म्हणाली, "कसं करतात ते मलाबी सांग. खोकलं की माझंबी निसटतंय." मग दोघी करायला लागलो. पाचव्या की सहाव्या आठवड्यात एकदा पोटात कळ आली, मी आवळलं, आणि ते थांबलं. मी चालत संडासापर्यंत गेले. चालत! परत येऊन पोरीला उचललं आणि तिच्या मांडीचे इतके मुके घेतले की ती वैतागून रडली.

दवाखान्याविरुद्ध आम्ही लेखी तक्रार दिली. तिचं काही झालं नाही. कंपाउंडरनंही आबांविरुद्ध दिली होती, तिचंही काही झालं नाही.

ऑपरेशननंतरच्या एका तपासणीच्या दिवशी नवरा नांदेडला आला. भुवईवर केस न उगवलेली रेघ होती. बाईंनी त्याला बसवून बोटांचं तेच कडं दाखवलं. ऐकताना तो जमिनीकडे बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "मला सांगायचं ना नीट."

"हात जोडून सांगितलं होतं," मी म्हणाले.

तो चहा घेऊन आला. मी घेतला नाही.

मी वर्षभर माहेरी राहिले. तो दर पंधरवड्याला येऊन अंगणात बसायचा, पोरीशी खेळायचा. मी परत गेले ते माझ्या अटींवर. खोलीच्या दाराची आतली कडी त्यानं स्वतः पान्यानं काढून टाकली. त्याला मी माफ केलंय का, असं मैत्रिणी विचारतात. मला सांगता येत नाही. आम्ही एका ताटात जेवतो, हसतो, आणि अजूनही तो अचानक मागून आला की माझी मूठ वळते. तो आता लांबूनच हाक मारतो.

मी पुन्हा शाळेत शिकवते. बसचा तास-दीड तासाचा प्रवास आहे. पिशवीत एक जोडी कपडे असतात. दोन वर्षांत लागले नाहीत. पोटातला वारा मात्र कधीकधी धरता येत नाही. चौथीच्या वर्गात एकदा असं झालं, पोरं खिदळली, मी फळ्याकडे तोंड करून भागाकार लिहीत राहिले.

पोरगी आता सात वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत ती भाऊ पाहिजे म्हणून हट्टाला पेटली. तिला कुणी शिकवलं होतं ते उघड होतं. सासू म्हणाली, "आता तर समदं बरं झालं ना? मंग एक होऊ द्या." मी बोलायच्या आत नवरा त्याच्या आईला म्हणाला, "न्हाई होणार. पुन्हा हा विषय काढायचा न्हाई, बाई." सासूनं हातातलं ताट आपटलं. पुढचे आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. माझ्याशी मात्र बोलत होती.